मुलगा चिल्काला निघालाय, पुढे पाणबुडीत जायचं म्हणतो: घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: लालबागच्या एका आईचा मुलगा १९ वर्षांचा आहे, बारावी विज्ञान झालेला. नौदलाच्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीची (एसएसआर, म्हणजे बारावी झालेल्यांसाठीची) लेखी आणि शारीरिक चाचणी त्याने पार केली आहे. यादीत नाव आलं तर दोन-अडीच महिन्यांत ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं. चाळ पुनर्विकासाला गेल्यामुळे कुटुंब सध्या शिवडीला भाड्याच्या खोलीत आहे. मुलगा आत्तापासूनच 'मला पाणबुडीतच जायचंय' म्हणतो. आम्ही त्याला काय मदत करायची, आणि त्याचा फोन आला नाही तर काय समजायचं, असं त्या विचारतात.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण झोप त्यानेच उडते. फोन आला नाही तर तो कामात आहे किंवा झोपलाय असं समजा. प्रशिक्षणात फोन दिवसभर हातात नसतो. ठरलेल्या वेळी काही मिनिटं मिळतात, त्यात रांग असते, कधी त्याची पूर्ण तुकडी शिक्षेत असते आणि ती मिनिटंही जातात. काही गंभीर घडलं तर नौदल स्वतःहून कळवतं, आणि तेही नोंदीत असलेल्या नंबरावर आणि पत्त्यावर. म्हणून फोनची वाट बघण्यापेक्षा तो नंबर चालू ठेवणं महत्त्वाचं. वडिलांचा एक आणि आईचा एक असे दोन नंबर नोंदवा. स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून मध्येच सिम बदलू नका. नव्या इमारतीत राहायला गेलात की पत्ता बदलल्याचं मुलाकरवी लगेच कळवा.

पत्त्यावरूनच तुमच्या घरचं पहिलं काम निघतं. हजर होताना पोलीस पडताळणीचा भरलेला फॉर्म बरोबर लागतो, आणि मुंबईतली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. आधारवर चाळीचा पत्ता, राहणं दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, अधिवास दाखल्यावर तिसरंच काहीतरी, आणि शाळेच्या दाखल्यावर गावचं नाव. कायमचा आणि सध्याचा असे दोन पत्ते असतील तर पडताळणी दोन्हीकडची लागते. भाडेकरार नोंदणी केलेला असू द्या. विकासकाने दिलेलं भाड्याचं किंवा पर्यायी जागेचं पत्र, जुनं वीजबिल, शिधापत्रिका हे सगळं एका फाइलमध्ये लावा. बोलावण्याचं पत्र हातात पडलं की त्याच दिवशी ठाण्यात जा. 'साहेब सुट्टीवर आहेत' यात आठवडा सहज जातो, आणि गणपतीच्या दिवसांत सगळं पोलीस दल बंदोबस्ताला असतं.

दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, जातीचा दाखला लागू असेल तर तो, अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र, आणि वय १८च्या खाली असेल तर पालकांच्या सहीचे कागद. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का, ते आज रात्रीच बघा. आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं, ही चूक घरोघरी सापडते आणि ती दुरुस्त करायला राजपत्र, प्रतिज्ञापत्र यांत वेळ जातो. मूळ कागद त्याच्या हँडबॅगेत ठेवा, ट्रंकेत नको.

चिल्काला पोचल्यावर अंतिम वैद्यकीय तपासणी होते, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. गल्लीत पेढे वाटून झालेले असतात आणि मुलगा आठ दिवसांत परत येतो. त्यातली काही कारणं इथेच टाळता येण्यासारखी असतात. कानातला मळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घ्या, घरी काडी घालू नका. कान साफ केलेले आणि दातांवरची कीट काढलेली असावी, असं भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं. दातांना गुण देतात आणि किमान १४ लागतात, तेव्हा किडलेल्या दाढा आत्ताच भरून घ्या. निघायच्या आदल्या आठवड्यात नको, हिरडी सुजलेली राहते. मित्रांबरोबर हौसेने टॅटू काढायचा विचार असेल तर तो आज बंद. वजन पटकन उतरवण्यासाठी जिममधली पावडर किंवा गोळ्या घेत असेल तर त्याही बंद. जुनं ऑपरेशन, दमा, फिट अशी काही माहिती असेल तर ती लपवायला मुलाला तुम्ही शिकवू नका. प्रशिक्षणात ती उघडी पडली की आजाराबरोबर खोटं बोलल्याचाही ठपका बसतो.

आता शरीर. पात्रतेची १.६ किलोमीटरची धाव मुलांनी साडेसहा मिनिटांत मारायची असते. ती झाली म्हणजे तयारी झाली, अशी मुलांची समजूत असते. ती धाव फक्त फाटक उघडते. आत गेल्यावर पहाटेपासून पीटी, कडक बुटांत परेड, एका जागेहून दुसऱ्या जागेला दुडकत जाणं, आणि चुकलं की 'रगडा', म्हणजे शिक्षेची जादा कसरत. एका दिवसात पायांवर पडणारा भार एकदम तिप्पट-चौपट होतो. स्नायू तीन आठवड्यांत सरावतात, हाडाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. या तफावतीतून नडगीचं दुखणं आणि पुढे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला केसासारखी चीर पडते. प्रशिक्षण लांबण्याचं हे एक नेहमीचं कारण. मुलगा मागच्या तुकडीत ढकलला जातो, मित्र पुढे निघून जातात, आणि मनाने तो तिथेच खचतो.

हातात १० आठवडे असतील तर ते असे वापरा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, धावणं आणि चालणं मिळून अर्धा तास. मग दर आठवड्याला एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांनी वाढवा, त्याहून घाई नको. शिवाजी पार्कची माती, माटुंग्याचे पाच बगीचे किंवा बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान चांगलं. वरळी सी-फेसच्या सिमेंटवर रोज धावू नये. सहाव्या आठवड्यापासून आठवड्यातून दोनदा जाड तळाचे बूट घालून तासभर चालायला लावा, म्हणजे टाचेची कातडी तयार होते. जोर, बैठका, सिट-अप्स रोज, पण मोजून आणि पूर्ण. अर्धवट पन्नास जोर तिथे कोणी मोजत नाही. नडगीवर बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर धावणं थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा. पूर्ण नडगीभर ठणका असेल तर बहुतेक वेळा तो स्नायूचा असतो, विश्रांतीने जातो. रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. मुलगी जाणार असेल तर हिमोग्लोबिन नक्कीच. २०२२ पासून मुलीही चिल्काला खलाशी म्हणून प्रशिक्षण घेतात.

पोहणं. समुद्राच्या कडेला वाढलेली आपली निम्मी पोरं पाण्यात उतरलेली नसतात. नौदलात पोहण्याची चाचणी असते: उंचावरून उडी, ठरावीक अंतर, आणि काही मिनिटं तरंगत राहणं. पोहता येत नाही म्हणून कोणी हाकलत नाही, तिथे शिकवतात. पण मग रविवार, संध्याकाळ, जी काही मोकळी वेळ मिळते ती तलावात जाते. दादरच्या पालिकेच्या महात्मा गांधी तलावावर किंवा चेंबूर, मुलुंड, कांदिवलीच्या तलावांवर महिना-दीड महिन्याचं शिकवणं घ्या. वेग नको, पाण्याची भीती गेली पाहिजे. खोल भागात उभ्याने तरंगता आलं की पुरे.

घरातल्या सवयींचं मी वेगळं सांगतो, कारण आई म्हणून तुम्हाला हे सगळ्यात कठीण जाईल. आजपासून त्याचे कपडे त्याने धुवायचे, इस्त्री त्याने करायची, अंथरुणाची घडी त्याने घालायची, बूट त्याने चमकवायचे. रात्री दहाला झोप, पहाटे साडेचारला उठणं. जेवण दहा मिनिटांत, बसल्या ताटात जे येईल ते. 'त्याला भेंडी चालत नाही' हे वाक्य घरातून हद्दपार करा. शाकाहारी जेवण मिळतं, उपाशी कोणी राहत नाही, पण आवडीनिवडीचा विचार तिथे होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत मुलं रडतात ती बहुतेक वेळा मारून-मुटकून केलेल्या व्यायामाने नाही, एकाच वेळी पंधरा नव्या सवयी लावून घ्याव्या लागतात त्याने. त्यातल्या दहा घरून लागलेल्या असतील तर उरलेल्या पाच झेपतात.

भाषेचंही बघा. आज्ञा आणि शिकवणं हिंदी-इंग्रजीत चालतं. मराठी माध्यमातल्या मुलाला विषय येत असतो, शब्द येत नाही. अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र इंग्रजी पुस्तकातून पुन्हा वाचू द्या: आर्किमिडीज, बॉइलचा नियम, विद्युतप्रवाह, चुंबकत्व. पुढे पाणबुडीचं सगळं यावरच उभं आहे.

ट्रंकेत काय द्यायचं याची यादी पत्रासोबत येते, ती तंतोतंत पाळा. वरून द्यायच्या चार गोष्टी: सुती अंतर्वस्त्रांचे सहा जोड, सुती मोज्यांचे सहा जोड, पायाची पावडर, आणि साधं क्लोट्रिमॅझोलचं मलम. चिल्का सरोवराकाठची हवा दमट आहे, घामाचे कपडे पूर्ण वाळत नाहीत, जांघेत आणि बोटांच्या बेचक्यांत नायटा होतो. त्यावर आपल्याकडचे औषधवाले जे मिश्र मलम काढून देतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. तसली ट्यूब बॅगेत टाकू नका. महागडं घड्याळ, सोन्याची साखळी, ब्लूटूथचे इअरफोन घरी राहू द्या. लाडवांचा डबा प्रवासात संपेल एवढाच द्या.

प्रवास लांबचा आहे. कोणार्क एक्स्प्रेस मुंबईहून पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम असं करत ओडिशात जाते, दीड दिवसाहून जास्त लागतो. तिकीट एक दिवस आधी पोचेल असं काढा. पावसाळ्यात मुंबई-पुणे घाटात दरड येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिकडच्या चक्रीवादळांचा काळ. सोडायला सगळं खानदान चिल्कापर्यंत नेऊ नका. सीएसएमटीवर निरोप द्या, किंवा फार तर एक जण बरोबर जाऊ दे. फाटकावर पाच जणांना रडताना बघून आत गेलेल्या मुलाचा पहिला आठवडा त्या दृश्यातच जातो.

आतलं वेळापत्रक मी तासातासाने सांगत बसत नाही, ते तुकडीगणिक बदलतं. एसएसआरचं चिल्कातलं प्रशिक्षण साधारण १६ आठवड्यांचं असतं. परेड शिकवणारे ते जीआय, व्यायाम घेणारे पीटीआय, आणि ज्यांचं नाव तुम्हाला माहीत असायला हवं ते डिव्हिजनल ऑफिसर, म्हणजे त्याच्या तुकडीचे अधिकारी, मुलांच्या भाषेत डीओ. मुलाच्या पहिल्या फोनमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: त्याचा नंबर, डिव्हिजनचं नाव, डीओंचं नाव, आणि तातडीला कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. पुढे काही लागलं तर 'माझा मुलगा तिथे आहे हो' एवढ्यावर तिथल्या शेकडो मुलांत त्याला शोधता येत नाही.

परेडवर उभं असताना भोवळ येऊन पडणं ही पहिल्या महिन्यातली नेहमीची गोष्ट. गुडघे ताठ जखडून उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं. त्यात सकाळी पाणी कमी प्यालेलं असतं, कारण मध्ये लघवीला जाता येणार नाही ही भीती. त्याला आधीच सांगून ठेवा: गुडघा किंचित सैल, बुटाच्या आत बोटं हलवत राहायची, पोटऱ्या आवळायच्या-सोडायच्या, आणि पाणी घोटाघोटाने पण भरपूर. पडलाच तर लाजायचं कारण नाही. शेजारचाही पुढच्या आठवड्यात पडणार असतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक फोन येतो. 'आई, मला परत यायचंय.' याची तयारी घरात बसून आत्ताच करा, कारण त्या क्षणी तुमच्या तोंडून जे निघेल ते तो महिनाभर धरून बसेल. 'ये रे बाळा परत' म्हणालात तर तो लढणं सोडतो. 'लोकांना काय तोंड दाखवू, नाक कापलंस' म्हणालात तर पुढच्या वेळी खरं दुखणंही सांगत नाही. मी पालकांना तीनच प्रश्न शिकवतो: जेवलास का, कुठे दुखतंय का, डीओंशी बोललास का. मग 'पुढच्या फोनला परत बोलू' म्हणायचं आणि घरचं काहीतरी हलकं सांगायचं. बहुतेकांचा सूर पुढच्या फोनला बदललेला असतो, कारण मध्ये झोप मिळालेली असते किंवा एखादी चाचणी पार झालेली असते. मात्र तो जीव देण्याबद्दल बोलला, किंवा आवाज अगदी सपाट, थंड वाटला, तर वाट बघायची नाही. त्याच वेळी डीओंना किंवा तातडीच्या क्रमांकावर कळवा. त्याचं करिअर बिघडेल म्हणून गप्प बसणं ही सगळ्यात महागडी चूक. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक तुमच्यासाठीही आहे.

खरं दुखणं लपवण्याचं उलट संकट असतंच. मागे पडू नये म्हणून मुलं सुजलेल्या पायाने धावतात. फोनवर 'कुठे दुखतंय का' याचं उत्तर 'थोडंसं' आलं तर पुढे विचारा: एका बोटाने दाखवता येतं का, रात्री झोपेतही दुखतं का. दोन्हीला हो असेल तर 'उद्या सकाळी सिक रिपोर्ट कर', म्हणजे आजारी असल्याचं सांगून डॉक्टरला दाखव, हे आईने ठामपणे सांगायचं. आठ दिवसांची विश्रांती आणि तीन महिन्यांचं प्लॅस्टर यांतला फरक त्या एका वाक्यात असतो.

घरच्या अडचणी फोनवर सांगायच्या नाहीत. विकासकाचं भाडं थकलं, वडिलांची साखर वाढली, बहिणीचं जमता जमता मोडलं, यातलं तिथून तो काहीच करू शकत नाही. आणि 'आजी सिरियस' असा खोटा निरोप देऊन सुट्टी मिळवण्याचा उद्योग करू नका. असे निरोप तपासले जातात. एकदा खोटं ठरलं की खरी वेळ आल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दुसरीकडे, 'तुमच्या मुलाचा अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा' किंवा 'चांगली ट्रेड (कामाची शाखा) मिळवून देतो' असे फोन तुम्हालाच येतील. नौदल फोनवरून पैसे मागत नाही. फोन ठेवा आणि डीओंकडे खातरजमा करा.

पैशांचा हिशेब आधीच करून ठेवा. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले, त्यातले ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी मिळणाऱ्या रकमेत जातात, हातात २१,००० आणि वरचे भत्ते. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. सेवा निधीत सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी साधारण १०.०४ लाख रुपये आणि वर त्याचं व्याज, असे करमुक्त मिळतात. स्वतःच्या मागणीवरून मध्येच सोडलं तर फक्त स्वतःचा वाटा परत मिळतो, सरकारचा नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के मुलं कायम होतात. म्हणून त्याच्या पगारावर नव्या घराच्या कर्जाचा हप्ता बांधू नका. आणि चार वर्षं लग्न करायला बंदी आहे. साखरपुड्याचे बेत, 'मुलगी बघून तरी ठेवू', हे कृपया बंद ठेवा.

दीक्षान्त संचलनाला पालकांना बोलावतात. जरूर जा. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं संचलन २८ मार्च २०२३ला झालं, तेही सूर्यास्तानंतर, जे याआधी कधी झालं नव्हतं. निमंत्रणात ज्यांची नावं दिलीत तेच जाऊ शकतात, आधार बरोबर लागतं. चिल्काजवळच्या बालुगावला खोल्या थोड्या आहेत. भुवनेश्वरला उतरून पुढे गाडीने जाणं सोयीचं.

आता पाणबुडी. चिल्काहून थेट पाणबुडीत कोणी जात नाही. आधी त्याच्या ट्रेडचं प्रशिक्षण: इंजिनवाल्यांचं लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, विजेचं जामनगरला आयएनएस वलसुरात, भांडार आणि स्वयंपाक विभागाचं आपल्या मालाडच्या आयएनएस हमलात. पाणबुडी शाखा स्वेच्छेची आहे. अर्ज करायचा, जागा आणि पात्रता बघितली जाते, वेगळी वैद्यकीय आणि मानसिक चाचणी होते, आणि मग विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनात अभ्यासक्रम. पाणबुडीवाल्यांचं प्रशिक्षण १९७४ पासून तिथे होतं. मुलाने आत्ताच 'पाणबुडी, पाणबुडी' म्हणून चिल्कात मिरवू नये, हा माझा सल्ला. आधी परेडचं मैदान जिंकू दे.

चाचणीत मुलं गळतात ती बहुतेक कानामुळे. दाबाच्या कोठडीत हवेचा दाब वाढवतात, तेव्हा नाक दाबून कान मोकळे करता यायला हवेत. नाक आणि कान यांना जोडणारी नळी सर्दीने सुजली असेल तर पडदा आत ओढला जातो, कळ येते, फाटूही शकतो. म्हणून सर्दी असताना चाचणीला उभं राहायचं नाही, सांगून पुढची तारीख घ्यायची. नाकाचं हाड वाकडं असेल, सायनस सारखे भरत असतील, तर मुंबईतच तज्ज्ञाला दाखवा. दातात अर्धवट भरलेली पोकळी असेल तर तिच्यात अडकलेली हवा दाबाखाली भयंकर ठणकते. कानाची ठेवणच तशी आहे म्हणून कोणी नापास झाला तर त्यात त्याचा दोष नाही. त्याला तसं सांगणारं माणूस घरात असायला हवं, कारण मित्र चिडवणारच.

बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडण्याचा सराव हा या अभ्यासक्रमातला सगळ्यात बोलला जाणारा भाग. तो नीट समजून घेतला तर भीती कमी होते. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटतं, म्हणून वर येताना सतत श्वास सोडत राहायचा. ऐकायला सोपं, पण पाण्याखाली शरीर उलट सांगतं: हवा धरून ठेव. ती उपजत ओढ मोडण्यासाठी हा सराव करून घेतात. सातवाहनात २०२४ मध्ये 'विनेत्रा' नावाची नवी सोय सुरू झाली, पाच मीटरचा मनोरा आणि त्याला जोडलेला पाण्याचा हौद. बाजूला प्रशिक्षित पाणबुडे आणि डॉक्टर असतात.

शाळा संपली तरी छातीवर डॉल्फिनचा बिल्ला, म्हणजे पाणबुडीवाल्याची खूण, लागत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाणबुडीवर काही महिने काढून तिथली प्रत्येक नळी, झडप, स्विच, आग विझवायचं साधन कुठे आहे ते शिकावं लागतं. हातात वही घेऊन एकेक वाहिनी टोकापासून टोकापर्यंत शोधत, आकृती काढत फिरायचं. मग तोंडी परीक्षा. स्वयंपाकी असो की पाण्यातले आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावरचा माणूस, सगळ्यांना सगळं आलं पाहिजे, कारण पाणी शिरलं तेव्हा जो जवळ असेल त्यालाच झडप बंद करायची असते. या महिन्यांत तो घरी आला तरी वहीत डोकं घालून बसेल. नातेवाइकांकडे ओढत फिरवू नका.

राहण्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली कलवरी वर्गाची पाणबुडी ६७.५ मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या लोकलचे जेमतेम तीन डबे. त्यातली बरीच जागा बॅटऱ्या, इंजिन आणि टॉर्पेडोंची. उरलेल्यात चाळीसच्या वर माणसं. चाळीच्या दहा बाय दहामध्ये सात जणांत वाढलेल्या मुलाला हे जड जात नाही, असं मी गंमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे. बिछाने माणसांपेक्षा कमी असू शकतात, एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी झोपतो. गोडं पाणी मोजून, आंघोळ क्वचित. दिवस-रात्र कळत नाही, जेवणावरून ओळखायची.

त्या काळात त्याचा फोन अजिबात येणार नाही. खाऱ्या पाण्यातून नेहमीच्या रेडिओ लहरी जात नाहीत. अतिशय कमी कंप्रतेच्या लहरी काही मीटर खाली पोचतात, त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन हे केंद्र आहे. पण ते एकतर्फी: पाणबुडी ऐकते, बोलत नाही. बोलली की जागा उघडी पडते. तेव्हा आठवडेच्या आठवडे शांतता हे तिच्या कामाचंच लक्षण. तो निघण्याआधी घरात एक ठरवून घ्या: तो समुद्रात असताना कोणी गेलं, तर अंत्यसंस्कार थांबवायचे नाहीत. निरोप युनिटला द्यायचा, तो कधी आणि कसा सांगायचा हे तिथले वरिष्ठ ठरवतात. हे आधी बोलून ठेवलं नसेल तर परतल्यावर भावाभावांत कायमचं वितुष्ट येतं.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही मुंबईच्या आहात, १४ ऑगस्ट २०१३ची रात्र तुम्हाला आठवत असेल. गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट झाले, १८ जण गेले. नंतर सुटकेची साधनं वाढली. २०१८ मध्ये मुंबईत खोल समुद्रातून माणसं काढणारं बचाव वाहन दाखल झालं, ते ६५० मीटरपर्यंत उतरतं. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमला आयएनएस निस्तार हे त्याचं जहाज आलं. मुलाशी या विषयावर एकदा मोकळं बोला, मग पुन्हा पुन्हा काढू नका.

तुमच्या हातून त्याला खरा धोका होऊ शकतो तो वेगळाच. व्हॉट्सअॅपच्या कुलदैवत ग्रुपवर 'आमचा चिंटू उद्या अमुक पाणबुडीवर निघतोय' असं टाकणं. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात खलाशी पकडले गेले, तेव्हापासून नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन व समाजमाध्यमांवर बंदी घातली. माहिती काढायला ओळख वाढवणारे हेर घरच्यांकडूनच सुरुवात करतात. पाणबुडीचं नाव, निघण्याची-परतण्याची तारीख, गणवेशातला फोटो, यातलं काही कुठेच नको. शेजारच्या काकूंनी विचारलं तर 'नौदलात आहे, ठीक आहे' एवढं पुरे. तुम्हीही त्याला 'कुठे गेला होतास' विचारू नका. उत्तर देता येत नाही आणि आईला नाही म्हणणं त्याला जड जातं.

मुंबईतच नेमणूक झाली आणि तो समुद्रावरून घरी आला, तर पहिले दोन दिवस पाहुणे बोलावू नका. तो वेळीअवेळी झोपेल, मोठ्याने बोलेल, उजेडाला डोळे बारीक करेल. बॅगेतले कपडे डिझेलच्या वासाने भरलेले असतात आणि तो वास एका धुण्यात जात नाही. घरच्या कपड्यांत मिसळू नका. आधी रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजत घाला, मग गरम पाण्यात दोनदा धुवा आणि खिडकीत नको, गच्चीवर उन्हात वाळवा.